बेडकीचं तेलपाणी

मी एक चार चाकांची गाडी बोलतेय. पण लगेच मोटार डोळ्यांसमोर आणू नका. मला छप्पर नाही, दारं नाहीत, काचा नाहीत. हॅंडल मोटारसायकलसारखं आहे, बसायचंही तसंच, टांग टाकून. पण मी मोटारसायकलही नव्हे. ना धड इकडची, ना धड तिकडची. कागदोपत्री माझं नाव एटीव्ही, म्हणजे कुठल्याही वाटेवर चालणारी. घरात मात्र मला सगळे बेडकी म्हणतात. जाड चाकांवर दबा धरून बसल्यासारखी दिसते म्हणून. सुरुवातीला मला राग यायचा. मग एकदा पावसाच्या डबक्यात स्वतःला पाहिलं आणि गप्प बसले.

कारखान्यातल्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचं बारसं कुठे आठवतं? आठवतं ते थेट तळ्याकाठचं सुट्टी घालवायचं ठिकाण. तिथे हौशी माणसं यायची, माझ्यावर बसून फोटो काढायची, वाळूत दहा गोल फेऱ्या मारायची आणि ‘काय थरार!’ म्हणत उतरायची. अशी चार वर्षं मी धावले आणि कुठेही पोहोचले नाही.

मग मला दादांनी घेतलं. दादा मधपाळ. त्यांच्या मधपेट्या डोंगरावरच्या फळबागेत असतात. घरापासून तिथवर बारा वळणांची चढण आहे, अशी की साधी मोटार पहिल्याच वळणावर हात जोडते. दादांनी माझ्या मागे एक छोटी ट्रॉली जोडली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कामाला लागले. माझं तेलपाणी ते स्वतःच करायचे. गॅरेजवाल्याला हात लावू द्यायचे नाहीत. “माणसाला जेवण, गाडीला तेल,” असं म्हणत माझ्या पोटाखाली शिरायचे. जेवणाची वेळ ते कधी चुकवत नसत. माझ्या तेलाच्या बाबतीत मात्र ‘उद्या बघू’ हा त्यांचा आवडता दिवस होता.

गेल्या वर्षी हा ‘उद्या’ फारच लांबला. माझं तेल काजळासारखं झालं, आणि हॅंडलपाशी असलेला तेलाचा लाल दिवा उठसूट डोळे मिचकावू लागला. त्यातच दादा पडले. जन्मभर झाडांवर चढून मोहोळं उतरवणारा माणूस, पण स्वयंपाकघरातला दिवा बदलताना स्टुलावरून पडला. पाय मोडला, दिवाही फुटला. पायाला प्लॅस्टर आणि दीड महिना पलंग.

आता घरातल्या दोघींची ओळख करून देते, कारण खरी हकिगत त्यांचीच आहे. एक दादांची बायको. त्यांना मी वहिनी म्हणते. मधमाश्यांचं निम्मं काम त्याच करतात, आणि दादांपेक्षा बरं करतात. फक्त बोलून दाखवत नाहीत. दुसरी दादांची धाकटी बहीण, म्हणजे वन्सं. त्यांनी तीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली. निवृत्त झाल्यावर त्या जन्मघरी परतल्या आणि त्यांनी घराला चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. साखरेच्या डब्यावर ‘साखर’. मिठाच्या डब्यावर ‘मीठ (साखर नव्हे)’. माझ्या शेडच्या खिळ्यावरसुद्धा ‘चावी इथे’ अशी चिठ्ठी आहे. चावी तिथे कधीच नसते.

पहिलं दीड वर्ष दोघींचं गूळपीठ होतं. मग एके दिवशी वन्संनी कपाट आवरलं आणि एक मळकं, बिननावाचं पाकीट कचऱ्यात टाकलं. त्यात टरबुजाचं बी होतं. वहिनींच्या आईच्या परसातलं. आई गेल्यावर वहिनी ते दरवर्षी लावायच्या आणि पुढच्या वर्षासाठी मूठभर राखून ठेवायच्या. हे कळलं तोवर कचऱ्याची गाडी निघून गेली होती. वहिनी तेव्हा रडल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, “पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं.”

ज्या घरात जन्म झाला त्याच घरात पाहुणी! वन्संनी ते ऐकलं, पदर खोचला आणि तोंडाला कुलूप लावलं. वहिनींनीही लावलं. तो अबोला सात महिने टिकला. मीठ हवं असेल तर निरोप दादांमार्फत जायचा. दादा म्हणजे घरातलं पोस्ट ऑफिस; फरक एवढाच की त्यांना रविवारचीही सुट्टी नव्हती.

अशात एका सोमवारी वरच्या बागवाल्याचा निरोप आला. झाडांवर कीड पडली होती आणि गुरुवारी सकाळी औषधाची फवारणी करायची होती. त्याच्या आत पेट्या हलवल्या नाहीत, तर एकही माशी वाचणार नव्हती. पेट्या चौदा. माश्या दिवसभर बाहेर असतात, म्हणून पेटी हलवायची ती उजाडायच्या आत किंवा दिवस मावळल्यावर, सगळ्या घरी परतल्या की. ट्रॉलीत सात पेट्या मावतात. तेव्हा असं ठरलं की बुधवारी पहाटे सात आणायच्या, संध्याकाळी सात.

“पण या तेलावर भरल्या ट्रॉलीसकट बेडकी चढणार नाही,” दादा पलंगावरून म्हणाले. “इंजिन जाम होईल. आधी तेल आणि फिल्टर बदला.” गॅरेजवाला आठवडाभर गावाला गेलेला. तेलाचा चार लिटरचा डबा मात्र घरात होता, आणि कपाटात ‘बेडकीचा फिल्टर, नवा’ अशी चिठ्ठी लावलेलं खोकंही होतं. दोघींना इलाज उरला नाही.

मंगळवारी दुपारी दोघी माझ्यापाशी आल्या. एक उजवीकडून, एक डावीकडून. दादांच्या खोलीची खिडकी माझ्या शेडच्या पत्र्यासमोर उघडते. त्यांना पत्र्याखेरीज काही दिसत नव्हतं, पण त्यामुळे त्यांचा आत्मविश्वास जराही कमी झाला नाही.

“आधी इंजिन पाच मिनिटं चालवा!” ते ओरडले. “तेल कोमट झालं की भराभर उतरतं! मग बंद करून खाली भांडं ठेवा!”

वन्संनी धुण्याचा जुना टब आणला. त्यावर चिठ्ठी होतीच: ‘तेलासाठी. धुण्याला वापरू नये.’ वहिनी पाना घेऊन माझ्या पोटाखाली आडव्या झाल्या आणि तिथून मलाच म्हणाल्या, “बेडके, ज्यांनी टब ठेवलाय त्यांना सांग, बोल्ट इथे आहे आणि टब तिथे. तेलाला काही पाय नसतात.”

“बेडके,” वन्सं माझ्या सीटकडे बघत म्हणाल्या, “ज्यांना घाई झालीये त्यांना सांग, टब सरकवायला तोंड लागत नाही, हात लागतो.”

मी कोणाला काय सांगणार? दादा मोडले म्हणून पोस्ट ऑफिस आता माझ्याकडे आलं होतं.

“बोल्ट घड्याळाच्या उलट फिरवा!” खिडकी गरजली.

वहिनींनी जोर लावला. बोल्ट आणखी घट्ट झाला. “बेडके, यांना विचार, घड्याळ वरून बघायचं की खालून?”

 खिडकीतून जरा नरम आवाज आला, “सैल होईल तिकडे फिरवा.”

अखेर बोल्ट सुटला आणि काळं तेल धारेनं टबात पडलं. काय सांगू, इतकं हलकं वाटलं! मग फिल्टरची पाळी. हा माझ्या कुशीत बसवलेला, मुठीएवढा पत्र्याचा डबा. तेलातली घाण तो आत धरून ठेवतो. दादांनी तो असा आवळला होता की हातानं हलेना. वन्सं घरात गेल्या आणि दादांचा चामड्याचा पट्टा घेऊन आल्या. फिल्टरला वेढा दिला आणि दोघींनी मिळून पट्टा ओढला. हात एकाच पट्ट्यावर, तोंडं दोन दिशांना. फिल्टर कुरकुरला आणि सुटला. उरलेलं तेल वन्संच्या कोपरापर्यंत ओघळलं. त्यांनी फिल्टर टबात उपडा ठेवला आणि हात पुसले.

“जुनी रबराची रिंग निघाली का? नीट बघा!” दादा ओरडले.

आता इथे लक्ष द्या. फिल्टरच्या तोंडाशी एक रबराची रिंग असते. फिल्टर काढला की ती बरोबर यायला हवी. पण कधीकधी ती इंजिनालाच चिकटून राहते. वहिनींना वाटलं, फिल्टर ज्यांच्या हातात होता त्यांनी बघितलं असेल. वन्संना वाटलं, ज्या इंजिनापाशी वाकल्यात त्यांना दिसलंच असेल. विचारायचं तर बोलावं लागलं असतं. म्हणून दोघी एकदम म्हणाल्या, “हो!”

रिंग माझ्या अंगालाच चिकटली होती. मला ती कळत होती, जसा तुम्हाला दातात अडकलेला कण कळतो. पण तोंड असतं तर मी गाडी कशाला झाले असते?

पुढचं सगळं अगदी छान झालं. वन्संनी नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटानं तेल लावलं, तेही प्रयोगशाळेतल्या काचेवर नमुना पसरावा इतक्या निगुतीनं. वहिनींनी तो हातानं घट्ट बसवला. बोल्टला नवा वॉशर घातला. दोन लिटर तेल ओतलं. इंजिन चालू केलं तर थेंबही गळला नाही. “शाब्बास!” खिडकी म्हणाली. दोघींनाही वाटलं, आपल्यालाच.

बुधवारी पहाटे वहिनी एकट्याच निघाल्या. माश्यांना शांत करायला धूर लागतो. वर वाऱ्यात धुराचा डबा पेटत नाही, म्हणून तो त्यांनी घरूनच पेटवून ट्रॉलीत ठेवला होता. पहिली तीन वळणं मी मजेत चढले. चौथ्या वळणावर चढ वाढला, तेलाचा जोर वाढला, आणि एकावर एक बसलेल्या त्या दोन रिंगांमधून तेल बाहेर फुटलं. पिचकारीसारखं. तापलेल्या नळीवर पडून ते जळू लागलं. वहिनींना वास आला, पण त्यांना वाटलं, धुराचा डबा. लाल दिवा लागला, तर पुटपुटल्या, “कालच तेल घातलंय, तरी याची खोड जात नाही.” कित्येक महिने उठसूट मिचकावणाऱ्या दिव्यावर त्या दिवशी कोण विश्वास ठेवणार?

तिकडे घरी वन्सं टब आवरत होत्या. जुना फिल्टर पिशवीत घालून तिच्यावर चिठ्ठी लावायची होती. त्यांनी तो उलटा केला, पुसला आणि सवयीनं उजेडात धरला. फिल्टरच्या तोंडाशी गोल खाच होती आणि खाच रिकामी होती. जे डोळ्यांना दिसत नाही ते शोधण्यात तीस वर्षं घालवलेली बाई ती. एका क्षणात समजली. त्यांनी वहिनींना फोन लावला. फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाजला.

मग वन्सं धावल्या. वय अठ्ठावन्न, पायात घरातल्या सपाता. माझी वाट वळणावळणानं जाते; त्या सरळ उतारावरून वर घुसल्या, झुडपं धरत, दगडांवर घसरत. मला त्या दिसायच्या आधी त्यांचा आवाज आला.

“वहिनी! वहिनीऽऽ! थांबा! गाडी बंद करा!”

सात महिन्यांनी तो शब्द त्या डोंगरात घुमला. वहिनींनी आधी चावी फिरवली, मग मागे बघितलं. वन्संचा अवतार पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. “अहो, काय झालं? ह्यांना काही...”

“दादाला काय होतंय! घोरत पडलाय.” वन्सं धापा टाकत माझ्या हॅंडलला लटकल्या. “बेडकीला... बेडकीला बघा आधी.”

वहिनी खाली उतरल्या. मागच्या वळणापासून माझ्या चाकांपर्यंत वाटेवर तेलाचा चकचकीत पट्टा पडला होता.

“जुनी रिंग आतच राहिली,” वन्सं म्हणाल्या. “दोन बसल्यात एकावर एक.”

“मला वाटलं, तुम्ही बघितलं.”

“मला वाटलं, तुम्ही.”

“मग विचारायचं ना हो!”

“कोणाला? बेडकीला?”

वहिनींच्या तोंडातून हसू सांडलं. ते आवरता आवरता त्यांचं लक्ष वन्संच्या पायांकडे गेलं. एक सपात होती, दुसरी नव्हती. अंगठा रक्तानं माखला होता. वहिनींनी डोक्याचा रुमाल सोडला, वन्संना माझ्या सीटवर बसवलं आणि गुडघ्यावर बसून अंगठा बांधू लागल्या. बांधून झाला तरी त्यांनी मान वर केली नाही.

“पाहुणं माणूस असं अनवाणी धावत येत नाही,” त्या म्हणाल्या. “मी बोलायला नको होतं तसं, वन्सं. घर तुमचंच आहे. माझ्याआधी तुमचं आहे.”

वन्संनी नाक ओढलं. “बी टाकायच्या आधी मी ते पाकीट हातात धरून उभी होते. विचारावं असं मनात आलं होतं. पण म्हटलं, एवढ्याशा पाकिटासाठी काय विचारायचं. तुमच्या आईंचं आहे, हे मला माहीत नव्हतं हो.”

“मी तरी कधी सांगितलं होतं? सांगितलं असतं तर तुम्ही त्यावर मोठी चिठ्ठी लावली असती.”

“दोन लावल्या असत्या,” वन्सं म्हणाल्या, आणि तिथेच त्या रडल्या.  इंजिन बंद असलं की मला उत्तम ऐकू येतं.

लंगडत वन्सं घरी गेल्या आणि उरलेल्या तेलाचा डबा घेऊन आल्या. मी गार झाल्यावर वहिनींनी फिल्टर काढला. वन्संनी नखानं ती जुनी, चपटी झालेली रिंग सोलून काढली. या वेळी दोघींनी आपापल्या बोटानं माझ्या अंगावरची जागा चाचपून बघितली, आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, “निघाली.” वेळेत चावी फिरली म्हणून माझं इंजिन बचावलं. आणखी दोन वळणं चढले असते, तर मी आज तुमच्याशी बोलत नसते.

पण एवढ्यात ऊन वर आलं होतं. माश्या केव्हाच कामाला निघून गेल्या होत्या. पहाटेची फेरी बुडाली. म्हणजे आता चौदाच्या चौदा पेट्या संध्याकाळीच आणायच्या, दोन फेऱ्यांत, आणि एकटीला ते जमणं शक्य नव्हतं.

“मी येते,” वन्सं म्हणाल्या.

वन्सं माश्यांना घाबरतात. खिडकीत एक माशी आली तरी त्या आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतात. पण त्या संध्याकाळी त्यांनी दादांचा जाळीचा टोप घातला, बांधलेल्या अंगठ्यावर दादांचा बूट चढवला आणि पेटीची एक बाजू धरली. आत हजारो माश्या गुणगुणत होत्या. वन्संनी पेटी अर्धवट उचलली, परत टेकवली आणि तिच्याकडेच बघत राहिल्या.

“हळू श्वास घ्या,” वहिनी म्हणाल्या. “माझ्याकडे बघा. पेटीकडे नाही.”

“तुम्ही बोलत राहा,” वन्सं म्हणाल्या. “काहीही बोला.”

आणि वहिनी बोलत राहिल्या. सात महिन्यांचं साठलेलं सगळं. शेजारणीच्या सुनेचं, दादांच्या घोरण्याचं, बिघडलेल्या मिक्सरचं. दुसऱ्या फेरीत मी दिवा लावून उतरत होते, मागे सात पेट्या, त्यांना धरून ट्रॉलीत बसलेल्या वन्सं, आणि आता वन्सं बोलत होत्या. बाराही वळणं. मी इतकी जपून कधी चालले नव्हते.

गुरुवारी सकाळी वरून औषधाचा उग्र वास खाली उतरला. अंगणात चौदा पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या आणि माश्या दाराशी घुटमळून नव्या जागेची ओळख करून घेत होत्या. दादा कुबड्या टेकत पहिल्यांदा खोलीच्या बाहेर आले. पेट्या एकेक करून मोजल्या. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. “सर्दी झालीये,” ते म्हणाले. कोणीही काही विचारलं नव्हतं.

आता दादांचा पाय बरा आहे. पण माझ्या तेलपाण्याला त्यांना कोणी हात लावू देत नाही. ते चहाचा कप घेऊन उभे राहतात, सूचना देतात, आणि दोघी त्या ऐकून घेऊन आपल्याला हवं तेच करतात. अबोला गेला म्हणजे घर शांत झालं असं मात्र समजू नका. आता त्या दिवसभर तोंडावर भांडतात. मिठावरून, टबावरून, पाना कुठे ठेवला यावरून. पोस्ट ऑफिस कायमचं बंद झालं. दादांना करमत नाही म्हणतात.

माझं म्हणाल, तर वय झालं. थंडीत खोकल्याशिवाय सुरू होत नाही, सीटचा फोम उंदरांनी खाल्ला आहे. माझं काही मागणं नाही. वेळेवर तेल आणि अधूनमधून कोणीतरी जवळ उभं राहून दोन शब्द बोललं, की झालं.

मात्र आत्ता एक विनंती आहे, आणि ती तातडीची आहे. वन्संनी मला चालवायला शिकायचं ठरवलंय. आज पहिला धडा. वहिनी समोर उभ्या राहून, उलट्या चालत, “ब्रेक डावीकडे! अहो, तुमची डावी!” असं समजावतायत. वन्संनी हॅंडल दोन्ही हातांनी गच्च धरलंय, चावी फिरवलीये, आणि डोळे मिटलेत.

तेव्हा आता निरोप द्या, आणि तुम्ही जिथे असाल तिथून जरा बाजूला व्हा.